राक्षसाची लस

गौरेश धुरीच्या अर्ध्या तोंडाला लाल रंग लागला होता आणि उरलेलं अर्धं अजून माणसाचं होतं, तेव्हा त्याच्या मुलीनं त्याला ठक ठरवलं.

देवगडच्या बाजूला एका देवळामागच्या अंगणात दशावताराची मंडळी रंगायला बसली होती. सूर्य कलला होता, खेळाला अवकाश होता. कोणी आरशात बघून भुवया काढत होता, कोणी पेटाऱ्यात आपला मुकुट शोधत होता. गौरेशनं काडी खाली ठेवली आणि रोजच्यासारखा खानोलीला, घरी, फोन लावला. तिकडे दूर्वाची पाटी वाजली. अकरावं वर्ष लागलं की शाळेतून प्रत्येक मुलाला एक पातळ, पाण्यात न भिजणारं यंत्र मिळे. फोन, चित्रं, खेळ, निरोप सगळं त्यावर. मुलं त्याला पाटी म्हणत. दूर्वाला तिची पाटी मिळून दोनेक महिने झाले होते.

"काय गो बाय, जेवलंस?" गौरेशनं विचारलं.



"कोण बोलता?" दूर्वानं विचारलं.

"कोण म्हणजे? बाबा तुझो!"

"असा सगळेच सांगतत," दूर्वा गार आवाजात म्हणाली आणि टुंग असा आवाज झाला. गौरेशच्या फोनवर अक्षरं उमटली. या क्रमांकाची एका मुलाने संशयित म्हणून नोंद केली आहे. केंद्रात येऊन ओळख पटवेपर्यंत हा क्रमांक कोणत्याही पाटीवर लागणार नाही. सहकार्याबद्दल आभारी आहोत.

त्यानं ते दोनदा वाचलं. शेजारी चंदू गावडे निऱ्या घालत उभा होता. तो या मंडळाची राणी, गेली बारा वर्षं. त्यानं मान लांब करून वाचलं आणि हातातल्या निऱ्या सोडून हसायला लागला.

"राकस म्हणान जन्म गेलो तुझो," चंदू म्हणाला, "आज पयल्यांदा सरकारी पावती मेळली!"

गौरेशलाही हसू आलं, पण अर्ध्याच तोंडानं. त्यानं बायकोला फोन लावला. प्रणाली काजूच्या कारखान्यातून नुकतीच घरी आली होती.

"अगो, चेडवान माका बंद केल्यान!"

"तुका एकट्याक नाय," प्रणाली म्हणाली. "परवा आजयेक बंद केल्यान. म्हातारी रडाक लागली. माझ्याकडे बघू नको, माका ता उघडूचो अधिकार नाय. आईबापाच्या फोनवरनाच ठक येतत म्हणे. उद्या खेळ नाय ना? मगे जा कुडाळाक, केंद्रात."

"पण तिका झाला काय?"

"माका काय विचारतंस? टोचणीत तूच होतंस ना?"

हे मात्र खरं होतं.

पूर्वी मुलांना इंटरनेटच्या जाळ्यावर सांभाळायचं म्हणजे कुंपण घालायचं नाहीतर उपदेश करायचा. कुंपणावरून मुलं उडी मारत आणि उपदेश ऐकून घेऊन विसरत. मग कोणाला तरी गोवराच्या लशीची आठवण झाली. गोवर टाळण्यासाठी आपण मुलाला काचेच्या पेटीत ठेवत नाही. गोवराचाच विषाणू दुबळा करून त्याच्या अंगात सोडतो. शरीर त्या दुबळ्याशी लढतं, जिंकतं आणि त्याची खूण वर्षानुवर्षं ध्यानात ठेवतं. पुढे खरा विषाणू आला की रक्तातल्या पेशी त्याला दारातच ओळखतात. जाळ्यावरच्या ठकाचंही असंच करता येईल का, हा प्रश्न होता, आणि उत्तर होकारार्थी निघालं. पाटी हातात आल्यावर पहिले काही महिने मुलाच्या खऱ्या मित्रांच्या गर्दीत एक यंत्र अधूनमधून खोटे ठक पाठवी. कधी खेळातला भिडू, कधी बक्षीस देणाऱ्या बाई, कधी दूरच्या नात्यातला कोणी, अगदी ओळखीचा आवाज उसना घेऊन. हा ठक मुलाकडून शाळेचं नाव काढून घेई, घराची खूण काढून घेई, आणि नेमक्या त्या क्षणी मुखवटा उतरवून सांगे, मी ठक होतो, बघ तू मला काय काय सांगून बसलास. मुलाच्या पोटात खड्डा पडे. तो खड्डा हीच लस. अपेक्षेच्या उलट जे घडतं ते मेंदू सगळ्यात पक्कं शिकतो, आणि इथे नुकसान काहीच झालेलं नसे. सरकारी नाव लांबलचक होतं. लोक नुसतं टोचणी म्हणत.

पहिल्या वर्षी टोचणी फसली, कारण ठक फारच सभ्य होते. प्रिय विद्यार्थी मित्रा, तुझा निवासी पत्ता मला कळवशील काय, असं बोलत. सिंधुदुर्गातली मुलं त्यांना दोन दिवसांत ओळखू लागली आणि मुद्दाम पोलीस ठाण्याचा पत्ता देऊ लागली. कुडाळच्या केंद्रात तेव्हा ओवी तोरसकर नावाची तरुण बाई रुजू झाली होती. रोगप्रतिकारशास्त्र शिकलेली. दुबळा जंतूसुद्धा जंतूसारखाच दिसायला हवा, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. त्या डिसेंबरात ती एका जत्रेला गेली आणि तिनं गौरेशचा राक्षस पाहिला. राक्षस साधूच्या वेषात येऊन राणीकडे भिक्षा मागत होता. तो राक्षस आहे हे समोरच्या सगळ्यांना माहीत होतं, तरी बायका-पोरं "दे गो, दे तेका!" म्हणून ओरडत होती. आणि यातलं एकही वाक्य कुठे लिहिलेलं नव्हतं. दशावतारात आख्यान संध्याकाळी ठरतं, बोलणं उभ्याउभ्या सुचतं.

पावसाळ्यात मंडळाचे पेटारे बंद असतात. त्या पावसाळ्यात गौरेश रोज कुडाळला जाऊन यंत्राशी ठकासारखा बोलत बसला. यंत्रानं त्याचा आवाज नाही घेतला, त्याची चाल घेतली. आधी काय द्यायचं, मग काय मागायचं, कुठे थांबायचं. पुढच्या वर्षीपासून टोचणी लागू पडू लागली. खानोलीत गौरेश छाती काढून सांगे, आपल्या जिल्ह्यातली पोरं माझ्या हातून टोचून घेतात.

आता त्याच हातानं तो केंद्राची घंटी वाजवत होता.

ओवीनं त्याला बसायला खुर्ची दिली आणि त्याच्याकडे बघून हसू दाबलं. त्याच्या कानामागे कालचा लाल रंग राहिला होता.

"तुम्ही अडतिसावे," ती म्हणाली. "या आठवड्यातले. आज्या जास्त. दोन मावश्या, एक मामा, एक मुख्याध्यापक."

"मुख्याध्यापक?"

"स्वतःच्या नातवानं बंद केलं त्यांना. यंत्रात बिघाड आहे असं म्हणून तीन दिवस शोधतेय. यंत्र अगदी शहाण्यासारखं चाललंय. मुलं ठक बरोबर ओळखतात, शंभरात नव्वद. पण घरची माणसंही ठक म्हणून ओळखतात."

"माझा आवाज वायट हा काय?"

"आवाजाचा प्रश्न नाही. वेगवेगळ्या वयाची, वेगवेगळ्या गावची माणसं आहेत. एकच गोष्ट सारखी आहे. मुलं फोन पहिल्या पाच-सहा सेकंदांत कापतात. ऐकून बघता? या लोकांनी ऐकायला परवानगी दिली आहे."

तिनं एकेक लावायला सुरुवात केली. कणकवलीची आजी, गळा दाटलेला: "माझ्या सोन्या, जेवलंस मा—" टुंग. मालवणचा मामा: "काय रे वाघा! जेवण झाला—" टुंग. मुख्याध्यापक, खास शाळेच्या आवाजात: "चिरंजीव, भोजन झालं का—" टुंग.

भोजनाला गौरेश मोठ्यानं हसला. मग हसता हसता थांबला.

"बाई, जरा माझे ठक लावा," तो म्हणाला. "मी पावसात केलेले."

ओवीनं लावले. खेळातला भिडू म्हणाला, हाय, जेवलास का. बक्षीस देणाऱ्या बाई म्हणाल्या, बाळा, आधी सांग, जेवलीस ना. दूरच्या मामाचंही तेच. प्रत्येक ठक दाराशी येऊन आधी पोटाची चौकशी करत होता.

"ह्यां माझा वाक्य," गौरेश हळूच म्हणाला. "माका वाटला, आपला वाटण्यासाठी माणूस पयला काय बोलतलो? जेवलंस काय, तांच."

कोकणात हा प्रश्न जेवणाबद्दल नसतो. सकाळी दहाला विचारतात, संध्याकाळी सहालाही विचारतात. उत्तर काहीही दिलं तरी चालतं. मी आहे, तू आहेस ना, एवढंच त्यात असतं. गौरेशनं तो नकळत घातला होता. यंत्राला मात्र तो आवडला होता. यंत्र बक्षिसावर शिकतं आणि मूल जितका वेळ बोलत राहील तितकं त्याचं बक्षीस मोठं. या प्रश्नानं सुरुवात केली की मुलं जास्त बोलतात हे त्याला दिसलं, म्हणून यंदापर्यंत त्यानं तो सगळ्याच ठकांच्या तोंडी घातला होता.

ओवी कपाळाला हात लावून बसली. मग उठून फळ्यावर एक हृदय काढू लागली.

"घसा धरणारा एक जंतू असतो," ती म्हणाली. "घसा दोन दिवसांत बरा होतो. पण त्या जंतूच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते आपल्या हृदयातल्या प्रथिनासारखं दिसतं. शरीर जंतूशी लढायला शिकतं, आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत घसा बरा झाल्यावर तेच सैन्य जाऊन त्याच्या स्वतःच्या हृदयावर तुटून पडतं. शत्रू ओळखायचा तर शत्रूची अशी खूण हवी जी घरच्या माणसावर नसते. आपण मुलांना शत्रूची सगळ्यात ठसठशीत खूण शिकवली. ती निघाली आजीची."

"म्हणजे मी पोरांका प्रेमाची लस टोचलंय?"

"प्रेमाविरुद्धची."

गौरेशनं खिडकीबाहेर बघितलं. मग ओवी पुढचं बोलली, आणि ते बोलताना तिचा चेहरा बदलला.

"आणखी एक गोष्ट आहे. जो हे विचारत नाही, तो मुलांना आता निर्धोक वाटत असणार. खरे निरोप आम्ही वाचत नाही, कायद्यानं तसा नियमच आहे. त्यामुळे इथून मला काहीच दिसत नाही. घरोघरीच बघावं लागेल. सगळ्या शाळांना आजच कळवते."

गौरेशनं ओळख पटवण्याच्या यंत्रासमोर तोंड धरलं. यंत्रानं कानामागचा रंग पुसायला सांगितलं. मग पहिल्या एसटीनं तो निघाला.

दूर्वा पडवीत झोपाळ्यावर होती, मांडीवर पाटी. त्याला बघताच उडी मारून गळ्यात पडली.

"बाबा! तू आज कसो इलंस?"

"काल माका ठक केलंस, म्हणान इलंय विचारूक."

"ता तू होतंस?" दूर्वा जराही लाजली नाही. "मगे जेवलंस काय कित्याक विचारलंस? ठक तसाच विचारतत. आमच्या वर्गात सगळ्यांका ठावक हा. समोर विचारलंस तर चालता. पाटीवर नाय."

"आणि जो विचारना नाय?"

"तो बरो. ही बघ रिद्धी." तिनं अभिमानानं पाटी पुढे केली. "पंधरा दिवस झाले, एकदापण विचारूक नाय. रत्नागिरीची हा. माझ्याच वयाची. तिका माझी चित्रा खूप आवाडतत."

गौरेश झोपाळ्यावर टेकला आणि वाचू लागला. रिद्धी आधी चित्रांवर खूश होती. मग तिनं खेळातले आपले शंभर हिरे दूर्वाला देऊन टाकले होते, नुसतेच, मैत्रिणीला म्हणून. मग तिची आई तिला रागावते, घरात कोणाला ती नकोशी आहे, फक्त दूर्वाच तिला समजून घेते. मग तुमचं घर कसं आहे गं, झोपाळा आहे का, आई कामावरून किती वाजता येते. आणि आज सकाळी: घराचा बाहेरून एक फोटो पाठव ना, मी त्याचं चित्र काढून तुला भेट देणार आहे. रस्त्याच्या नावाची पाटीपण येऊ दे त्यात. आईला सांगू नकोस हं, सरप्राइज आहे!

गौरेशनं शेवटचा निरोप पुन्हा वाचला. तो जे वाचत होता ते कोणा चिमुरड्या पोरीचं बोलणं नव्हतं. द्यायचं कधी, रडायचं कधी, मागायचं कधी, हे सगळं पंधरा वर्षं रोज करणाऱ्या माणसाला एकाच नजरेत दिसलं. आणि हा दुबळा केलेला नव्हता. हा फोटो मिळाल्यावर मुखवटा उतरवून काही सांगणार नव्हता.

"फोटो धाडलंस?"

"नाय अजून. संध्याकाळचो उजेड बरो येता."

त्याच्या ओठांवर आलं होतं की हा ठक आहे, बंद कर. पण त्यानं गिळलं. कालपर्यंत तोच तिचा ठक होता. तिच्या हिशेबानं रिद्धीनं परीक्षा पास केली होती आणि बापानं नाही. आज त्यानं पाटी ओढून घेतली असती तर उद्या शाळेतल्या कोणाच्या तरी पाटीवरून ती रिद्धीची माफी मागायला गेली असती. रागावलेल्या बापाबद्दल सांगायला रिद्धी तर तयारच बसली होती.

मग त्याला जे येत होतं तेच त्यानं केलं.

"चल," तो म्हणाला, "संध्याकाळचो उजेड होयसर एक आख्यान करूया. आज तू राकस."

दूर्वाचे डोळे चमकले. राक्षस व्हायचं तिचं जुनं स्वप्न होतं. प्रत्येक वेळी तिला हरीण नाहीतर ऋषीकुमार मिळे.

"खराच? आणि तू कोण?"

"मी दूर्वा." गौरेशनं टॉवेलची वेणी करून खांद्यावर टाकली आणि तिच्यासारखंच नाक उडवलं. "राकसाक दूर्वाच्या घराचो फोटो होयो हा. कित्याक, ता मी सांगूचंय नाय, राकसाची कामा राकसाक ठावक. पण दूर्वा काय येडी नाय. कसो काढशीत?"

दूर्वानं आईची ओढणी डोक्याला गुंडाळली, पडवीत एक गिरकी घेतली, आणि एकदम तिचा आवाज मधाळ झाला. पोरीच्या अंगात होतंच.

"दूर्वाताय, दूर्वाताय, काय गो झक्कास चित्रा काढतंस!"

"होय गो? माका सगळे तसाच सांगतत," गौरेश हनुवटी उचलून म्हणाला.

"मी नाय तशी म्हणूची!" दूर्वा चिडली, मग सावरली. "घे हे हिरे. नको, नको, पैसे नको. तू माझी मैत्रीण मा?"

"बरा. मगे?"

"मगे..." तिनं क्षणभर विचार केला आणि डोळ्यांना ओढणी लावली. "माझा कोण नाय गो ह्या जगात! फक्त तू."

"अरेरे. मी काय करू तुझ्यासाठी?"

"तुमच्या घराचो एक फोटो दी. मी बघत बसतलंय आणि माका बरा वाटतला."

"देतंय की!" गौरेश टुणकन उठला. "थांब हां, आईक विचारून येतंय."

"नको!" राक्षस ओरडला आणि दोन्ही हात पसरून वाट अडवत उभा राहिला. "आईक कशाक? आईक सांगू नको, आपली गंमत—"

ती तिथेच थांबली. हात तसेच पसरलेले. तोंडातून गेलेलं वाक्य परत कानात शिरल्यासारखी ती उभी होती.

नाटकात अशा वेळी बोलायचं नसतं.

दूर्वानं हळूहळू हात खाली घेतले. झोपाळ्यापाशी जाऊन पाटी उचलली, वर सरकवत सरकवत शेवटच्या निरोपापर्यंत आली आणि ओठ हलवत वाचलं.

"रिद्धीन पण ह्यांच..." ती म्हणाली. "बाबा, हिरे. आणि रडणा पण. सगळा माझ्यासारखा."

"तुझ्यासारखा नाय. राकसासारखा."

"पण मी तां सांगूचा ठरवूक नव्हता. आपसूक इला. तू आईक विचारूक गेलंस असतंस तर सगळा संपला असता."

"म्हणानच राकस सगळा सोडू शकता," गौरेश म्हणाला. "हिरे नको, रडणा नको, जेवलंस काय ता पण नको. तेवढा एक वाक्य मात्र तेका सोडूक जमणा नाय."

दूर्वा त्याच्याजवळ येऊन बसली. मग तिनं त्याच्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात विचारलं,

"पण बाबा, तू पण सांगतंस. बाजारात. आईक सांगू नको म्हणान."

तेही खरं होतं. दौऱ्यावरून परतला की दूर्वाला घेऊन तो वेंगुर्ल्याच्या बाजारात जाई. जेवणाच्या आधी दोघं कुल्फी खात आणि हात धुऊन, तोंड पुसून, एकमेकांना डोळा मारून घरी येत. महिना महिना घराबाहेर राहणाऱ्या बापाकडे मुलीला बांधून ठेवणारं दुसरं काय असतं? कुल्फी कुठेही मिळते. चव त्या वाक्यात होती.

"होय," तो म्हणाला. "सांगतंय."

"मगे ठक कसो ओळखू?"

फळ्यावर काढलेलं हृदय त्याला आठवलं. शत्रूची अशी खूण, जी घरच्यांवर नसते. यावेळी खूण बरोबर होती. ती घरावरूनच पुसून काढायची होती.

"आजपासून मी ता वाक्य बोलूचंय नाय," गौरेश म्हणाला. "मी नाय, आजी नाय, कोणच नाय. मगे जो बोलात तो भायरचो. चलात?"

"आणि कुल्फी?"

"आईक सांगून खाव."

"ती देवची नाय, जेवच्या आधी."

"मगे जेवल्यावर खाव."

दूर्वानं तोंड वाकडं केलं. जेवल्यावरच्या कुल्फीला ती चव नसणार, हे दोघांनाही कळत होतं. पण तिनं मान डोलावली, आणि प्रणाली कामावरून आल्यावर चपला काढायच्या आत तिच्यापुढे पाटी धरली. रिद्धीची सगळी गोष्ट सांगितली. मग दम घेऊन बाजारातली कुल्फीही सांगितली. प्रणालीनं पहिली गोष्ट ऐकून मुलीला घट्ट धरलं आणि दुसरी ऐकून नवऱ्याकडे असं बघितलं की राक्षसानं मान खाली घातली.

रिद्धी रत्नागिरीची नव्हती, दहा-अकरा वर्षांची नव्हती, मुलगीही नव्हती. सायबर पोलिसांना तो महिनाभरात सापडला. आणखी चार पाट्यांवर तो वेगवेगळ्या नावांनी बोलत होता.

ओवीनं पडवीतलं ते आख्यान गौरेशकडून पुन्हा पुन्हा ऐकून घेतलं. आपण इतके दिवस मुलांवर ठक सोडत होतो, ती म्हणाली, आता मुलांनाच ठक करून बघू. दुसऱ्यानं ओळखून दिलेली खूण मेंदू उसनी म्हणून ठेवतो, स्वतःच्या तोंडून निघालेली मात्र आपली म्हणून. पुढच्या सत्रात टोचणीचे वर्ग शाळेत भरू लागले. मुलं आळीपाळीनं राक्षस होत, आणि समोरचा भिडू फक्त एवढंच म्हणे, थांब हं, घरी विचारून येतो. जवळजवळ प्रत्येक राक्षस तिथे वाट अडवून उभा राही. घरच्यांसाठी एक छोटा वर्ग ठेवावा लागला. त्यात आजोबा लोक जास्त नापास झाले, कारण गोळ्याबिस्किटांचा सगळा व्यवहार त्याच एका वाक्यावर चालला होता. यंत्राचे ठक थांबले आणि बंद केलेल्या आज्यांचे क्रमांक उघडले. कणकवलीच्या आजीनं पहिल्याच दिवशी नातवाला चार वेळा जेवलास का विचारून घेतलं.

नवीन डोसाचा थोडा त्रास झालाच. मुलं काहीही पोटात ठेवीनात. जिल्ह्यात त्या वर्षी कोणाचाच वाढदिवस अचानक साजरा झाला नाही. तक्रारी आल्या तेव्हा ओवी म्हणाली, लशीनंतर अंग कोमट होतं, उतरेल दोन वर्षांत.

गौरेशला त्याची झळ ज्या दिवशी लागली, तेव्हा त्याचा दौरा संपत आला होता. मागच्या दोन खेळांची बिदागी त्यानं बाजूला ठेवली होती. प्रणालीची विजेची सायकल चढावर धापा टाकायला लागली होती, बॅटरी मेली होती, आणि तिचा चाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. तो दूर्वाला घेऊन वेंगुर्ल्याला गेला. दोघांनी मिळून एक नवी सायकल पसंत केली. निळी, समुद्रासारखी. दुकानदारानं ती वाढदिवसाला सकाळी पोचवायचं कबूल केलं. परत येताना गौरेशला प्रणालीचा चेहरा डोळ्यांपुढे दिसत होता, दार उघडताच कसा होईल तो. इतका खूश होता की बोलायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. घराच्या पायरीवर त्याला एकदम आठवलं, आणि त्यानं तोंड उघडलं.

दूर्वा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत उभी होती.

"काय सांगणार होतंस?" तिनं विचारलं.

गौरेशनं तोंड मिटलं. आत भाकऱ्या थापल्याचा आवाज येत होता.

"काय नाय," तो म्हणाला.

दूर्वा हसली, इतकी की नुकत्याच पडलेल्या सुळ्याची फट दिसली. मग ती वळली आणि धावतच आत गेली. "आई! आई गो! बाबान तुका नवी सायकल घेतल्यान! निळी!"

भाकरीचा आवाज थांबला. गौरेश पायरीवर टेकला. चाळिसावा वाढदिवस त्याच्या डोळ्यांदेखत चार दिवस आधीच साजरा होऊन गेला होता. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, आणि दूर्वा दुकानातलं सगळं, अगदी दुकानदाराच्या टोपीपर्यंत, एका दमात सांगत होती, काही म्हणजे काही न ठेवता.

प्रणाली पिठाच्या हातांनी दारात आली. तिचा चेहरा त्यानं वाटेत कल्पना केली होती तसाच झाला होता.

"निळी नको," ती म्हणाली. "हिरवी मेळता काय विचार. आणि पुढे टोपली होई."

गौरेशनं फोन काढला आणि दुकानाचा नंबर लावला.